वंशवेलीबाहेरची आनंदी

अमेरिकेतल्या माणसांना आपल्या घराण्याचा मूळपुरुष हुडकून काढण्याची हौस फार. हा मूळपुरुष पुष्कळदा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातून जहाजाने आलेला एखादा विणकर, खाणकामगार नाही तर शेतमजूर असतो. आला तेव्हा त्याच्या खिशात काही नव्हते. आज त्याची पाचवी पिढी सुखवस्तू आहे, आणि पोट भरल्यावर माणसाला जो प्रश्न पडतो तो तिलाही पडला आहे : आपण कोठून आलो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला त्या देशात साधनेही विपुल आहेत. बंदरावर उतरलेल्या उतारूंच्या याद्या १८२० पासून ठेवलेल्या आहेत. खानेसुमारी १७९० पासून दर दहा वर्षांनी होत आली आहे. मूळच्या इंग्लंडात जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १८३७ साली सुरू झाली. बॉस्टनला तर घराण्यांचे इतिहास जमविणारी संस्था १८४५ पासून काम करीत आहे. १८९० च्या खानेसुमारीचे कागद १९२१ साली वॉशिंग्टनला लागलेल्या आगीपायी जवळजवळ सगळे नाहीसे झाले. त्याची हळहळ ही वंशशोधक मंडळी अजूनही करतात, जणू घरचेच कोणी गेले.

हे सारे कौतुकास्पद आहे. परंतु या शोधातून जे वंशेतिहास लिहिले जातात ते साहित्य म्हणून वाचायला घेतले, की मन लवकरच कंटाळते. अमका अमक्या साली आला, अमक्या गावी राहिला, अमकीशी त्याचे लग्न झाले, सात मुले झाली, पाच जगली, अमक्या साली तो वारला. तारखा सापडतात, माणूस सापडत नाही. बायकांचे तर विचारूच नका. १८५० पूर्वीच्या तिथल्या खानेसुमारीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बाकीची घरची माणसे वयाच्या रकान्यांत आकड्यांनी मांडलेली असत. म्हणजे एखादी नात मोठ्या उमेदीने आपल्या खापरपणजीला शोधायला जाते, आणि तिच्या हाती लागतो तो एक आकडा!

हे वाचून आपण मात्र हसायचे कारण नाही. आपल्याकडेही कुलवृत्तांत लिहिण्याची परंपरा चांगली रुजलेली आहे. मराठीत कितीतरी घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत निघाले. गोत्र, मूळ गाव, कुलदैवत, इनामे आणि वतने, मग शाखा, शाखांच्या उपशाखा, आणि घडी घातलेल्या लांबच लांब कागदावर छापलेला वंशवृक्ष. ज्यांनी ते सिद्ध केले त्यांनी गावोगाव पायपीट केली, कोर्टाचे कागद चाळले, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून नावे उतरवून घेतली. त्यांच्या श्रमांना नमस्कारच केला पाहिजे. पण या वृक्षाच्या फांदीफांदीवर पुरुषच बसलेले असतात. घरात आलेली सून आली तर माहेरच्या आडनावापुरती येते; घरातून गेलेली लेक 'अमक्यांना दिली' एवढ्या दोन शब्दांत संपते. ज्याला मूल झाले नाही त्याच्या नावाखाली रेघ संपते. आणि जो देशांतराला गेला तो 'परागंदा' या एका शब्दाआड कायमचा जातो.

आमच्या वऱ्हाडात साध्या माणसांचे कुलवृत्तांत कोणी छापले नाहीत. त्यांचा इतिहास दोन ठिकाणी पडलेला आहे : एक कोतवाल बुकात आणि दुसरा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी द्यायचा, ती या बुकात चढायची. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक त्याच्या नकला काढायला तहसिलीच्या खेपा घालतात. या जुन्या नोंदींत कित्येकदा बाळाचे नावही नसते. अमक्याला मुलगा झाला किंवा अमक्याला मुलगी झाली, एवढेच. आमच्या पिंपळगाव राजासारख्या गावात शाळामास्तराचे काम करणाऱ्याला दुसऱ्या दप्तराचा परिचय रोजचा. त्यात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने असतात. आजोबांच्या नोंदीसाठी नातू येतो, बोट फिरवीत ओळ शोधतो, आणि ओळ सापडली की त्याचा चेहरा उजळतो. पण त्या रकान्यांत आजोबांच्या आईला जागा नव्हती. तिने त्यांना शाळेत घालण्यासाठी कोणाशी भांडण केले असेल, तर ते भांडण कोणत्याच रकान्यात बसत नाही.

तेव्हा मुद्दा अमेरिकेचा किंवा महाराष्ट्राचा नाही. घराण्याचा इतिहास म्हणजे काय, हा आहे. 'कोण कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर दिले की तो पुरा होतो, की 'ती कशी जगली?' हेही त्याने सांगितले पाहिजे? आणि जिच्या मागे वंशच उरला नाही, तिचा इतिहास कोणी सांगायचा?

या प्रश्नाची कसोटी पाहायला माझ्या मते एकच उदाहरण पुरेसे आहे. तेही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेलेल्या माणसाचेच; मात्र तो इंग्रज विणकर नव्हे, कल्याणच्या जोशी घराण्यातली मुलगी आहे.

ती ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. माहेरचे नाव यमुना. बापाचे नाव गणपतराव अमृतेश्वर जोशी. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी या बिजवराशी झाले आणि यमुनेची आनंदी झाली. माहेर जोशी आणि सासरही जोशी. वंशशोधकाला घोटाळ्यात टाकायला एवढे पुरे. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, या जाणिवेतून तिच्या मनात डॉक्टर होण्याचे बीज पडले असे सांगतात. गोपाळरावांनी कोल्हापुरास असताना वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास बायकोच्या शिक्षणासंबंधी लिहिले. तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले ते मासिक त्यांनी उचलले, आणि कधी न पाहिलेल्या हिंदू मुलीला पत्र लिहिले. तिथून नाते जुळले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जातो हे सभेपुढे सांगितले. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, कलकत्त्याजवळचे. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या. नवरा बरोबर नव्हता. जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हा वय अठरा. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. ही पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने पोखरलेल्या देहाने त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता.

आता हीच हकिगत कुलवृत्तांताच्या भाषेत लिहून पाहा. गोपाळराव विनायक जोशी, द्वितीय पत्नी आनंदी, माहेर कल्याणचे जोशी, एक पुत्र, अल्पायुषी, रेघ समाप्त. यात एकही शब्द खोटा नाही. आणि यात आनंदीबाईही कोठे नाहीत!

रेघ समाप्त झाली, तरी तिचा शोध घेणारे मात्र एकामागून एक निघाले. त्यांची पुस्तके मी आनंदीबाईंचे वंशज मानतो. वंशज म्हटले की त्यात गुण येतात तसे दोषही येतात. त्या दृष्टीने यांतील चार मुख्य पुस्तके तपासून पाहण्याजोगी आहेत.

पहिले चरित्र मराठीत नाही. ते बॉस्टनला १८८८ साली निघाले. लेखिका कॅरोलिन हीली डॉल. आनंदीबाईंच्या मृत्यूला वर्ष-सव्वा वर्ष झाले नाही तोच एका परदेशी बाईने त्यांच्यावर पुस्तक लिहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. कार्पेंटरबाईंना आनंदीबाईंनी लिहिलेली पत्रे हा त्या पुस्तकाचा मोठा आधार. पण त्याचे नाव पाहण्यासारखे आहे. 'डॉ. आनंदाबाई जोशी यांचे चरित्र' एवढ्यावर ते थांबत नाही. पुढे 'पंडिता रमाबाईंच्या नातलग' असे जोडलेले आहे. रमाबाई आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या होत्या, त्यांच्या पदवीदानाला इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या, आणि त्या वेळी अमेरिकेत विधवांच्या शाळेसाठी साहाय्य गोळा करीत होत्या. त्यांचे नाव वाचकांच्या ओठांवर होते. म्हणून जी स्वतःच्या पराक्रमाने डॉक्टर झाली तिचीही ओळख मुखपृष्ठावर 'कोणाची कोण?' याच प्रश्नाच्या उत्तराने करून द्यावी लागली. कुलवृत्तांताची खोड सातासमुद्रांपलीकडेही सुटलेली नव्हती. तरीही डॉलबाईंचे ऋण मोठे आहे. माणूस गेल्यावर त्याची पत्रे पहिल्या वर्षातच जमविली तर जमतात; दहा वर्षांनी ती बंबात गेलेली असतात.

दुसरे चरित्र काशीबाई कानिटकरांचे, १८८९ चे. काशीबाई शाळेत न जाता घरीच, पुष्कळशा चोरून, वाचायला शिकलेल्या. मराठीत एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे चरित्र लिहावे, ही त्या काळी जवळजवळ न घडलेली गोष्ट. ज्या घरात बाईने पुस्तक उघडले की सासू कपाळाला हात लावते ते घर कसे असते, हे काशीबाईंना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. डॉलबाईंना जे विलक्षण वाटते ते काशीबाईंना ओळखीचे वाटते, आणि म्हणून त्यांची नजर अधिक खोल जाते. या पुस्तकात आनंदीबाईंची पत्रे आहेत, आणि चरित्रनायिका आपल्या आवाजात बोलू लागते.

तो आवाज कसा आहे? अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाई मागचा सारा हिशेब मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाने मारलेले, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, टाकून देण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. वय आणि अपराध अशी ओळीने यादी. आणि त्याच पत्रात, हे वागणे बरे होते की वाईट याचा निकाल करणे कठीण, ते दोन्ही होते, अशा अर्थाचे त्या लिहितात. वीसही न ओलांडलेली मुलगी नवऱ्याला त्याच्या क्रौर्याचा जाब विचारते आणि त्याच श्वासात त्याचे देणेही मान्य करते! या एका पत्रात जेवढी आनंदीबाई आहे तेवढी दहा वंशवृक्षांत सापडणार नाही. हे पत्र लिहायला तिला समुद्र ओलांडावा लागला, हेही वाचकाने विसरू नये. १८८३ ते १८८५ ही दोन वर्षे ती नवऱ्यापासून दूर होती. तिच्या आयुष्यात तिला स्वतःकडे पाहायला मिळालेली तेवढीच काय ती फुरसत.

तिसरे पुस्तक घराघरांत पोहोचलेले : श्री. ज. जोशी यांची १९६८ ची कादंबरी 'आनंदी गोपाळ'. डॉलबाई आणि काशीबाई यांची पुस्तके कपाटात गेली होती. आनंदीबाईंचे नाव शालेय धड्यापुरते उरले होते. या कादंबरीने त्यांना पुन्हा माजघरात आणून बसविले. पुढे तिच्यावर नाटक झाले आणि २०१९ साली समीर विद्वांस यांचा चित्रपट आला. आज मराठी माणूस आनंदीबाईंविषयी जे म्हणून सांगतो ते पुष्कळदा या कादंबरीतले असते. त्यामुळे तिच्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे.

कादंबरी म्हणून ती चांगली आहे, यात मला संशय नाही. त्या काळचे घर, त्यातले सोवळेओवळे, बोलण्याची ढब जोशींना चांगली साधली. गोपाळराव म्हणजे तर कोणाही कादंबरीकाराला हेवा वाटावा असे पात्र : हट्टी, तऱ्हेवाईक, सुधारक आणि जुलमी एकाच वेळी. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसारख्यांना चहाला बोलावून, मागाहून त्यांची नावे छापून आणून ज्या गृहस्थाने सारे शहर प्रायश्चित्ताच्या वादात लोटले, तो हाच. असे पात्र हाती आले की लेखणी आपोआप त्याच्याकडे वळते. आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. आधी शीर्षक पाहा : आनंदी आणि गोपाळ. दोन नावे जोडून ठेवली की वाचक नकळत एकाला शिल्पकार आणि दुसऱ्याला मूर्ती मानू लागतो. कादंबरी मिटल्यावर गोपाळराव लख्ख आठवतात. त्यांनी घडविलेली म्हणून आनंदी आठवते. परंतु फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत एकटी राहून, परक्या भाषेत शरीरशास्त्र वाचून, आपला आहार आणि आचार सांभाळून परीक्षा देणारी मुलगी कोणी घडवून तिथे ठेवलेली नव्हती. गोपाळरावांनी तिला ढकलले हे खरे. ढकललेला माणूस पडतोही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा ही गोष्ट धंदाबंधूच्या नात्याने बोलतो. खऱ्या माणसावर कादंबरी लिहिताना मोकळ्या जागा भरण्याचा अधिकार लेखकाला किती? माझे मत असे की, बंद दाराआड दोघे काय बोलले ते लेखकाने खुशाल रचावे; ते कोणीच ऐकलेले नसते. परंतु दारातून कोण आत गेले, केव्हा गेले आणि बाहेर कोण आले, यात त्याने हात घालू नये. एवढ्यावर भागत नाही. रचलेले संभाषण जितके चांगले, तितके ते वाचकाला खरे वाटते, आणि पिढीभराने ते इतिहास म्हणून सांगितले जाते. यात जोशींचा दोष कमी आणि आपला अधिक. आपण कादंबरी वाचली, डोळे पुसले आणि काशीबाईंचे पुस्तक कपाटातून काढायचे राहून गेले. चुलत्याने रंगवून सांगितलेली आजोबांची गोष्ट आवडली म्हणून आजोबांची पत्रे वाचायची नाहीत, असे कोणते घर म्हणेल? आपण मात्र तसे केले खरे.

हे राहून गेलेले काम चौथ्या पुस्तकाने अंगावर घेतले. अंजली कीर्तने यांचे 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' १९९७ साली आले. या शीर्षकात नवरा नाही, नातलग नाही. काळ आहे आणि कर्तृत्व आहे. कादंबरीने जे ओघात सांगितले ते इथे कागदावर पारखून घेतलेले आहे. असा शोध घेणे सोपे नसते. आपल्याकडे तिचे नाव यमुना आणि आनंदी असे दोन. अमेरिकेत 'आनंदाबाई' आणि 'आनंदीबाई' अशी दोन रूपे, आणि आडनावाची इंग्रजी अक्षरे आजच्या जोशींहून निराळी. ज्या कॉलेजात ती शिकली त्याचे दप्तर आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात आहे. त्यातले तिचे एक छायाचित्र आता जगभर फिरते : १८८५ साली काढलेले, शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. मीरा कोसंबींनीही आनंदीबाईंच्या पत्रांवर पुष्कळ वर्षे काम केले. त्यांचे इंग्रजी पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघाले, आणि ही पत्रे जगापुढे गेली.

संशोधनाच्या पुस्तकाला कादंबरीची गोडी नसते, अशी तक्रार ऐकू येते. असेल. पण गोडी आणि जवळीक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कादंबरीतली आनंदी मला आवडते. पत्रांतली आनंदी मला ओळखते असे वाटते. ती आपल्या आजाराविषयी लिहिते, पैशाच्या ओढीविषयी लिहिते, आपल्या देशाची निंदा ऐकून चिडते, आणि कार्पेंटरबाईंना मावशीच्या नात्याने पत्रे लिहिते. ही तपशिलाची माया कल्पनेने उभी करता येत नाही.

आणि त्या मावशीच्या नात्याचे पुढे काय झाले, तेच या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे. आनंदीबाई पुण्यास वारल्या, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या अस्थिरक्षेचा अंश मात्र अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे गेला. न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटरबाईंच्या घराण्याच्या जागेत, तो पुरलेला आहे. वर दगड आहे, त्यावर नाव आहे, १८६५ आणि १८८७ ही दोन साले आहेत आणि ती शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री होती असे कोरलेले आहे.

अमेरिकेत घराण्याची दफनभूमीतली जागा म्हणजे दगडावर लिहिलेला कुलवृत्तांतच. उद्या त्या घराण्याच्या शाखेतला कोणी आपला मूळपुरुष शोधीत तिथे गेला, तर पणजोबा, पणजी, त्यांची भावंडे असे दगड वाचीत तो पुढे सरकेल आणि मध्येच त्याला जोशी हे नाव लागेल. त्याच्या वंशवृक्षात ते कोठे बसवायचे? रक्ताचे नाते नाही, लग्नाचे नाही, धर्म निराळा, देश निराळा. आणि तरीही ज्या घराने तिला आपल्यात घेतले त्याने आकड्यात किंवा कंसात न घेता नावाने घेतले. दंतवैद्याकडे उचललेल्या एका मासिकातून जन्मलेल्या नात्याने, कल्याण आणि संगमनेर या दोन्ही जोशी घराण्यांच्या वेली जे करू शकल्या नसत्या ते करून दाखविले. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही तिचे नाव दिलेले आहे. मला मात्र पोकीप्सीचा साडेतीन हात जागेतला दगड त्याहून मोठा वाटतो.

यावरून रक्ताचे नाते फोल, असे मला म्हणायचे नाही. दिवाळीला लेकी माहेरी येतात, भाऊबीजेला पाट मांडला जातो, तो रक्ताच्याच नात्याचा सोहळा. मला म्हणायचे आहे ते इतकेच की, घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने फांद्या मोजून थांबू नये. चांगला घराणे-इतिहास आणि वाईट घराणे-इतिहास यांतला फरक पानांच्या संख्येत नसतो, आणि मूळपुरुष किती मागे नेला यातही नसतो. त्यात मुलगी लग्नानंतरही जिवंत राहते की नाही, निपुत्रिकाच्या नावापुढे दोन ओळी येतात की नाही, परमुलखात गेलेल्याची पत्रे कोणी जपली की नाही, यावर तो ठरतो. डॉलबाईंना ही पत्रे प्रेमापोटी हवी होती, काशीबाईंना ओळख पटली म्हणून, जोशींना गोष्ट सांगायची होती म्हणून, आणि कीर्तने यांना खरे काय ते पाहायचे होते म्हणून. चौघांनी मिळून निर्वंश बाईचा वंश चालविला. त्यांतला एकही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. पण चौघांनाही ज्यांवाचून काही करता आले नसते ती म्हणजे आनंदीबाईंची पत्रे.

सरकारी रकानेही आता बदलत आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात बापाच्या आधी आईचे नाव लिहायचे ठरले आहे. पुढच्या काळातल्या एखाद्या नातवाला आमच्यासारख्याच शाळेच्या रजिस्टरात आजोबांची आई सापडेल. नाव सापडेल, भांडण अजूनही सापडणार नाही. ते घरच्यांनीच लिहून ठेवले पाहिजे.

या सुट्टीत आपल्याही घरात कोणी वंशावळ काढायला बसेल. बहुतेक घरी एक हौशी काका असतातच. त्यांना कागद मोठा द्यावा. आज खामगाव-बुलढाण्याकडच्या मुलीही पुण्याला, बंगलोरला, थेट अमेरिकेला जाऊन राहिल्या आहेत, आणि त्यांची सारी पत्रे टेलिफोनमध्ये आहेत. टेलिफोन बदलला की ती जातात. त्यांतली चार तरी कागदावर उतरवून घ्यावीत. घरात जिची आठवण निघाली की सगळे गप्प होतात, अशी एखादी आत्या असेल. तिचे नाव विचारावे, माहेरचेही आणि सासरचेही. ती काय करायला निघाली होती ते विचारावे. आणि ट्रंकेच्या तळाशी तिचे एखादे पत्र निघाले, तर वंशवृक्ष बाजूला ठेवून आधी ते सगळ्यांपुढे मोठ्याने वाचावे.